पाय काढू नको

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्यांच्या डोळ्यांसमोर घडली, ते लिंबाजी मिस्त्री आजही परभणीत आहेत. वय ऐंशीच्या पुढं गेलंय, हात थरथरतात, पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगायची सवय सुटलेली नाही. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की ते उठून जातात. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात चार-पाच जणांनाच सांगितली. दर वेळी सारखीच सांगितली. कधी त्यात मीठमसाला घातला नाही.

असले प्रकार रात्री घडतात, असं आपण धरून चालतो.

हा भर दुपारी घडला.

साल सत्त्याऐंशी. वैशाख महिना. नामांतराच्या चळवळीची ती वर्षं, आणि त्या दिवशी परभणी बंद होती. लिंबाजींचं गॅरेज गंगाखेड रोडवर. एरवी तिथं ट्रक आणि एसट्यांची रीघ असायची. त्या दिवशी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. समोरच्या भिंतीवरची निळ्या अक्षरांची घोषणा उन्हात डोळ्यांना खुपत होती. लिंबाजींनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि आत पोतं टाकून आडवे झाले.

दीडच्या सुमाराला आवाज आला...

गाडी लांबून येत होती. चालतीचा आवाज सरळ होता, काही खोट नव्हती. मग ती गॅरेजसमोर येऊन थांबली.

आणि आवाज बदलला.

इंजिन चढायचं. मग उतरायचं. आता बंद पडतंय असं वाटेपर्यंत उतरायचं... आणि कुणीतरी सावरून धरल्यासारखं पुन्हा चढायचं.

लिंबाजी पडल्या पडल्या ऐकत राहिले. तीस वर्षं त्यांनी इंजिनं ऐकली होती. खोकणारं, अडखळणारं, धाप लागलेलं, सगळं ऐकलं होतं. असं कधी ऐकलं नव्हतं.

हे हुंदक्यासारखं होतं.

"मिस्त्री, हायत का आत?"

शटरखालून वाकून बघितलं तर ग्यानबा. पोखर्णीच्या पलीकडच्या वस्तीवरचे मेंढरंवाले. पन्नाशीचा, उंच, हाडकुळा माणूस. त्यांच्याकडं तिसऱ्या हातची एक जुनी पेट्रोलची पिकअप होती. मागं लोखंडी जाळी लावलेली. तिच्यातून ते मेंढरं बाजाराला न्यायचे. गाडीला कायम लेंड्यांचा आणि लोकरीचा वास. आणि डाव्या सीटवर कायम त्यांची बायको, सुगंधाबाई.

त्या दिवशी डावं सीट रिकामं होतं.

"आज बंद हाय, ग्यानबा. गाडी कशी आणली तुमी?"

"बंदचं ठाऊक न्हवतं. पण रस्त्यात कुणी अडवलं न्हाई."

"मालकीण न्हाई आल्या?"

"न्हाई."

एवढंच बोलून ग्यानबांनी गाडीकडं हात केला. "ऐका की हिला. चालताना लय चांगली चालती. उभी केली, म्या खाली उतरलो, की असं करायलीय."

"तुमी आत बसल्यावर?"

"तवा न्हाई करत."

मिस्त्री माणूस विचारतो पुष्कळ, पण उत्तरातलं लोखंडाचं तेवढंच ऐकतो. लिंबाजींनी ते शेवटचं वाक्य सोडून दिलं आणि बोनेट उघडलं.

गाडी उभी असताना, पाय न लावता इंजिन जे हळूहळू चालत राहतं, त्याला मिस्त्री लोक 'स्लो' म्हणतात. स्लो बिघडायला कारणं दहा. लिंबाजी एकेक बघत गेले. प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. प्रत्येक वायरीला आवाज सारखाच पडला, म्हणजे चारही सिलिंडर कामात. ठिणगी देणारा पॉइंट बघितला, साफ होता. हवा ओढणारा रबरी पाइप चिमटून बघितला, फाटलेला नव्हता. कार्बोरेटरच्या बुडाशी चमच्यानं थेंब-थेंब पेट्रोल सोडलं. कुठून हवा घेत असेल तर तिथं आवाज बदलायला पाहिजे.

बदलला नाही.

तेवढ्यात ग्यानबा पाणी प्यायला कोपऱ्यातल्या रांजणाकडं गेले.

इंजिन एकदम चढलं...

लिंबाजी दचकून मागं सरले. इंजिन तसंच चढत गेलं. ग्यानबा रांजणापाशी पोचेपर्यंत बोनेट थरथरायला लागलं होतं. ग्यानबांनी घाईघाईनं दोन घोट घेतले, तांब्या तसाच टाकला आणि परत गाडीपाशी आले.

इंजिन उतरलं.

लिंबाजींनी मान वर करून काचेतून आत बघितलं. गाडीत कुणी नव्हतं.

"हे असंच करती," ग्यानबा खालच्या आवाजात म्हणाले. "लांब जाऊ देत न्हाई."

उन्हानं डोकं फिरलं असेल, दोघांचंही, असं लिंबाजींनी मनाशी धरलं. पुन्हा वाकले. आणि मग त्यांना ते दिसलं.

कार्बोरेटरला एक छोटी पट्टी असते. ॲक्सिलरेटरच्या पायडलवरून पाय काढला की ती एका स्क्रूवर येऊन टेकते. टेकली की इंजिन स्लोला.

इथं पट्टी स्क्रूला टेकलेलीच नव्हती.

दाभण जाईल एवढी वर उचललेली होती. खाली यायची... टेकता टेकता थांबायची... पुन्हा वर जायची.

म्हणजे दुखणं इंजिनाचं नव्हतं. पट्टी कुणीतरी ओढत होतं.

लिंबाजींनी स्प्रिंग बदलली. दुसरी घातली, चांगली कडक. काही फरक नाही. मग त्यांनी शेवटचा उपाय केला. पट्टीपासून पायडलपर्यंत एक लोखंडी सळई जाते. ती पट्टीवरून काढून हातात घेतली.

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

रस्ता आधीच शांत होता. आता अगदीच शांत झालं. ऊन तापल्याचा आवाज येतो म्हणतात, तसं काहीतरी कानात वाजत होतं.

सळईचं टोक लिंबाजींच्या मुठीत होतं.

आणि ते हललं.

आतल्या बाजूला ओढलं गेलं. जोरात नाही. जपून, बेतानं. थोडा वेळ तसंच राहिलं. मग सैल पडलं... आणि पुन्हा ओढलं गेलं.

लिंबाजींनी सळई सोडली नाही. सोडायचं त्यांना सुचलंच नाही. ते तसेच वाकडे होऊन उघड्या दारातून आत बघायला लागले.

पायडल दबलेलं होतं.

अर्ध्यावर. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नाही, खाली कुणी नाही. आणि पायडल दबलेलं.

"दिसलं का तुमाला?" मागून ग्यानबांनी विचारलं.

लिंबाजींनी मान हलवली.

"बरं झालं," ग्यानबा म्हणाले. "मला वाटायलतं, म्याच येडा झालो."

मग ते भिंतीला टेकवलेल्या जुन्या टायरवर बसले आणि त्यांनी सांगितलं.

सुगंधाबाई माघातच गेल्या होत्या. तीन महिने झाले होते. लिंबाजींना कुणी कळवलंच नव्हतं, आणि कळवायचं कारणही नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या छातीत कळ येत होती. त्यांनी सांगितलं नाही. मेंढरांना पाणी पाजलं, त्यांच्याभोवती वाघुरीची जाळी बांधली, भाकरी केल्या. तिसऱ्या पहरी उभ्या उभ्याच खाली बसल्या. ग्यानबांनी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि परभणीच्या दवाखान्याकडं निघाले. पोखर्णीचं रेल्वे फाटक लागलं.

फाटक बंद होतं.

पलीकडं मालगाडी उभी. पुढंही जाईना, मागंही जाईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सुगंधाबाईंच्या कपाळावर घामाचे थेंब. ग्यानबांना राहवेना. फाटकवाल्याच्या खोलीकडं जाऊन त्याच्या पाया पडावं, असं त्यांना वाटलं. पण उतरायचं कसं? ही गाडी पाय काढला की बंद पडायची. बॅटरी कमजोर होती, बंद पडली की चौघांनी ढकलावी लागायची. आणि फाटकावर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं.

"मग म्या तिला म्हणलो," ग्यानबा सांगत होते, "जराशी इकडं सरक. पायडलवर पाय ठीव. म्या येईस्तोवर काढू नगंस."

त्या सरकल्या. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. पाय ठेवला.

"काढू नगंस म्हणलो, मिस्त्री. दोनदा म्हणलो."

फाटकवाल्याच्या हातात काही नव्हतं. तो बिचारा स्वतःच सिग्नलकडं बघत उभा होता. शेवटी मालगाडी हलली. डबे मोजत ग्यानबा रुळाशेजारी उभे राहिले. आवाज एवढा होता की मागं गाडी चालू आहे की बंद पडली, ते कळत नव्हतं. शेवटचा डबा गेला, तसे ते वळले.

गाडी चालू होती. एकसारखी, सरळ चालू होती.

पळत आले. दार उघडलं. म्हणाले, "सरक."

त्या सरकल्या नाहीत.

"हात स्टेअरिंगवर. डोळे फाटकाकडं. अन् पाय..." ग्यानबांनी पायडलकडं हात केला. म्हणाले, "गाडी बंद पडू दिली न्हाई तिनं. म्याच तिचा पाय काढला, हातानं. तवा पडली बंद."

लिंबाजींच्या तोंडाला कोरड पडली होती. रांजण चार पावलांवर होता. ते उठले नाहीत.

त्यांना मार्गशीर्षातला एक दिवस आठवत होता.

तेव्हा हे दोघं गाडी घेऊन आले होते. मागं मेंढरं भरलेली, बाजाराची घाई. स्लोला इंजिन टिकत नाही, म्हणाले. लिंबाजींच्या हातात दुसरं काम होतं. ते म्हणाले, कार्बोरेटर खोलावं लागंल, गाडी ठेवून जा. ग्यानबा म्हणाले, मेंढरं कुठं ठिवू? तेव्हा लिंबाजींनीच तोड काढली. सुगंधाबाईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि दाखवलं, मालक खाली उतरले की इथं असा पाय ठेवायचा. जास्त दाबायचं नाही, सोडायचं नाही. सुगंधाबाईंनी चप्पल काढून ठेवली. अनवाणी पाय पायडलवर ठेवला. पहिल्यांदा इंजिन ओरडलं, मागची मेंढरं उधळली, तशा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्यांदा बरोबर जमलं. बाईचा पाय फार हलका होता.

"शिकल्या की," लिंबाजी म्हणाले होते. "आता पुढच्या खेपेला करून टाकू काम."

पुढची खेप आलीच नाही. आणि त्यांच्या ते ध्यानातही राहिलं नाही.

"ग्यानबा," ते आता म्हणाले, "पाय ठेवायला तर म्याच शिकवलं त्यांना."

"ठाऊक हाय. म्हणून तर तुमच्याकडं आलो. दुसऱ्या मिस्त्रीकडं नेऊन काय करू?"

"मग काय करू म्या?"

ग्यानबांनी गाडीकडं बघितलं. त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती. राग नव्हता. दुखणाईत माणसाला डॉक्टरपुढं आणावं, तसं ते बोलत होते.

"तिच्या पायाला गोळे यायचे हो. रात रात चोळून द्यावं लागायचं. तीन महिने झाले, पाय ठिवूनच हाय. थकली आसंल ती." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "नवी बॅटरी घातली म्या, ती गेल्यावर. तिला कळंना. म्या म्हणून बघितलं, काढ पाय म्हणून. जिभंवर येत न्हाई. म्याच ठीव म्हणलो, अन् तिनं ऐकलं. आता मह्या तोंडानं काढ कसं म्हणू? तुमी सांगा. तुमी शिकवलंय. तुमचं ऐकंल."

लिंबाजींनी कार्बोरेटर खोललं.

स्लोचं एक जेट असतं, पितळेचं, करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या केसाएवढ्या भोकात मातीचा कण अडकलेला होता. फुंकर मारून, पेट्रोलनं धुऊन ते साफ केलं. पुन्हा बसवलं. स्क्रू जुळवला. सळई जोडली.

सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम.

मार्गशीर्षात पण अर्ध्याच तासाचं होतं.

ग्यानबांनी गाडी चालू केली आणि खाली उतरले. लिंबाजींनी बघितलं. पट्टी पुन्हा स्क्रूवरून उचललेलीच होती. इंजिन चढत होतं, उतरत होतं.

ते ड्रायव्हरच्या बाजूनं उघड्या दारापाशी गेले. काय बोलायचं, कुणाकडं बघायचं, काही कळेना. रिकाम्या सीटकडं बघायचा धीर झाला नाही. त्यांनी पायडलकडं बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "म्या लिंबाजी मिस्त्री. काम झालंय. गाडी आता आपली आपण उभी ऱ्हाती. तुमी काढा पाय."

काही झालं नाही.

"लय येळ झाला मला, बाई. माझी चुकी हाय. पण आता गाडी बंद पडत न्हाई. काढा."

इंजिन उतरायला लागलं...

हळूहळू. पायडल वर येत होतं. दाणा दाणा सरकावा तसं वर येत होतं. एका जागी थांबलं. जणू विश्वास बसत नव्हता.

मग पायडल पूर्ण वर आलं.

आणि इंजिन एकसारखं, सरळ, शांतपणे चालत राहिलं. नव्या गाडीचंही एवढं सुरेख चालत नाही.

लिंबाजी म्हणतात, मी तेव्हा दाराकडंच बघत होतो. दोन्ही दारांकडं. कुणी उतरल्यासारखं काही झालं नाही. सीट हललं नाही. वारासुद्धा आला नाही. मग ती उतरली कुठून?

ग्यानबा हात जोडून उभे होते. बराच वेळ. मग त्यांनी आत हात घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, आणि तेव्हा त्यांना रडू कोसळलं. मोकळ्या रस्त्यावर, उन्हात, एवढा मोठा माणूस टायरवर बसून लहान पोरासारखा रडला. लिंबाजी शेजारी उभे राहिले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही. आपला हात ठेवायचा हक्क नाही, असं त्यांना वाटलं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. बायकोनं, कुसुमबाईनं विचारलं, तर ऊन लागलं म्हणाले.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी ग्यानबा परत आले. गाडी गॅरेजसमोर उभी केली, खाली उतरले, रांजणापर्यंत चालत गेले, परत आले. इंजिन एका सुरात चालू होतं.

"लय चांगली चालायलीय," ते म्हणाले.

"मग?"

"वस्तीवर उतरतो, लांब जातो, मागं बघतो. काईच न्हाई. आपली चालू ऱ्हाती, परक्यावाणी." ते पंधरा दिवसांत वाळून गेले होते. "मिस्त्री, पहिल्यावाणी करून द्या."

"असं करू नये, ग्यानबा. त्यांना सुटू द्या."

"सुटली तर सुटली. म्या काय करू, ते सांगा. घरात तिचा आवाज न्हाई. गाडीत तरी होता."

लिंबाजींनी पुष्कळ समजावलं. ग्यानबा गाडीपासून हलले नाहीत. शेवटी लिंबाजींनी पेचकस घेतला आणि स्वतःच्या हातानं स्लोचा स्क्रू उलटा फिरवून टाकला. तीस वर्षांत चांगलं इंजिन मुद्दाम बिघडवायची ती पहिली वेळ.

ग्यानबांनी गाडी चालू केली. पाय काढला.

बंद पडली.

पुन्हा चालू केली. खाली उतरायच्या आत बंद पडली. दिवस कलेपर्यंत त्यांनी किती वेळा किल्ली फिरवली, त्याची गणती नाही. पायडल एकदाही हललं नाही. मग ते आत बसले आणि पाय दाबून धरून गाडी घेऊन गेले.

दिवाळीनंतर लिंबाजींना पोखर्णीच्या बाजूला विहिरीवरच्या इंजिनाचं काम निघालं. ते सकाळच्या एसटीनं गेले, काम उरकलं, आणि येताना वाट वाकडी करून ग्यानबांच्या वस्तीवर गेले. अंगणात त्यांची लेक कडूबाई ज्वारी पाखडत होती. शेजारच्याच वस्तीवर दिलेली. आई गेल्यापासून बापासाठी रोज यायची.

"बापू कुठंत?"

कडूबाईनं मानेनं लिंबाच्या झाडाकडं खूण केली. "दुपारचं तिथंच असतेत. आमी जात न्हाई तिकडं."

लिंबाखाली पिकअप उभी होती. चालू होती.

लिंबाजी वीस पावलांवर थांबले. डाव्या सीटवर ग्यानबा होते. दाराच्या काचेला डोकं टेकून झोपलेले. लांबच्या प्रवासात माणूस झोपतं, तसे. चेहऱ्यावर उन्हाचे ठिपके. इतका निवांत माणूस लिंबाजींनी कधी बघितला नव्हता.

उजवं सीट रिकामं.

आणि इंजिन चालू होतं. एकसारखं.

तो स्क्रू लिंबाजींनी स्वतः फिरवला होता. हे इंजिन पाय नसताना दोन श्वासही चालणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते उभे राहून ऐकत राहिले. दोन श्वास झाले. वीस झाले. शंभर झाले असतील.

दुसऱ्या कुणी मिस्त्रीनं स्लो जुळवून दिला असेल. असंही असू शकतं. उजव्या दारापाशी जाऊन खाली वाकलं असतं, की लगेच कळलं असतं.

ते गेले नाहीत. मागच्या मागं फिरले आणि फाट्यावर येऊन एसटीची वाट बघत बसले.

पौषात कडूबाई गॅरेजवर आली. बरोबर नवरा होता. बापू गेले, म्हणाली. आठ दिवस झाले. गाडी विकायची आहे, तुम्ही बघून घ्या एकदा.

"कसे गेले?" लिंबाजींनी विचारलं.

"गाडीतच. दुपारचे झोपले ते झोपलेच."

लिंबाजींना पुढचं विचारायचं नव्हतं. तरी तोंडातून गेलंच. "गाडी चालू होती का?"

"म्या पोचले तवा बंद होती."

"किल्ली?"

"किल्ली लावलेलीच. काटा अर्ध्या टाकीवर." तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग पुन्हा लिंबाजींकडं. "बाकी कुणी गाडीला हात लावला न्हाई, मिस्त्री. बापू लावूच देत न्हवते. तुमच्यानंतर कुणीच न्हाई."

लिंबाजींनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्या भाकरी करायलते," कडूबाई म्हणाली. "तो आवाज रोज असायचा. इतके महिने ऐकून कानाला सवय झालती, कळायचापण न्हाई. त्या दिवशी थांबला, तवा कळलं. म्हणून तर उठून पळत गेले. अंग ऊन होतं बापूचं."

एवढं सांगून ती रडायला लागली. नवऱ्यानं तिला धरून बाकड्यावर बसवलं.

लिंबाजी गाडी बघायला गेले नाहीत. आजतागायत गेले नाहीत. पण तेव्हापासून एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नाही. आधी ग्यानबा गेले आणि मग तो पाय निघाला... की आधी पाय निघाला?

कडूबाईला ते सांगता आलं नसतं. त्यांनी तिला विचारलंही नाही.